चक्रीवादळाचे अवशेष

उष्णकटिबंधीय चक्रीवादळ जमिनीवर शिरल्यावर किंवा थंड पाण्यावर सरकल्यावर क्षीण होते, पण त्याचा बाष्पाने भरलेला भोवरा पुढे अनेक दिवस टिकू शकतो. या भोवऱ्याला चक्रीवादळाचे अवशेष म्हणतात. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या खाली गेला की ‘चक्रीवादळ’ ही पायरी सुटते आणि ३१ च्याही खाली गेला की उरते नुसते कमी दाबाचे क्षेत्र. ही उतरंड केवळ वाऱ्याची आहे. पावसाचा तिच्यात हिशेबच नाही, आणि किनाऱ्यापासून दूरच्या भागात माणसे दगावतात ती बहुधा पावसाच्या पुराने.

चक्रीवादळ पोसले जाते ते साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून उबदार समुद्रावरच्या वाफेवर. वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता त्याला चालवते. जमिनीवर हा पुरवठा तुटतो, घर्षणही वाढते आणि जमिनीलगतचा वारा काही तासांतच पडू लागतो. वरच्या थरांतले बाष्प मात्र इतक्या लवकर विरत नाही. समोर डोंगर आला किंवा थंड हवा आडवी आली की ते उचलले जाते आणि मुसळधार कोसळते. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘कॅमिल’चे अवशेष दोन दिवसांनी व्हर्जिनियाच्या डोंगरांत पोहोचले. तिथल्या नेल्सन परगण्यात एका रात्रीत ६०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि दरडी व पुरांनी शंभराहून अधिक बळी घेतले.

पाऊस किती पडेल हे वादळ कधीकाळी किती प्रबळ होते यापेक्षा आता ते किती सावकाश सरकते आहे यावर ठरते. शंभराला वादळाच्या सरकण्याच्या वेगाने (नॉट्समध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत) भागले की सर्वाधिक पावसाचे इंच मिळतात, असा अंदाजकर्त्यांचा एक जुना ठोकताळा आहे. रेंगाळण्याचा सर्वांत भीषण दाखला चीनमधला: १९७५ च्या ऑगस्टमध्ये ‘नीना’चे अवशेष हेनान प्रांतावर अडकले, काही ठिकाणी २४ तासांत १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि बांचियाओ धरण फुटले.

सरासरी वारा मंदावला तरी सोसाट्याचे झोत येतच राहतात. वर वेगाने वाहणारी हवा जोरदार सरींबरोबर खाली ओढली जाते, म्हणून झोत सरींच्या आगेमागे येतात. भिजून भुसभुशीत झालेल्या मातीत, पानांनी डवरलेली झाडे उन्मळायला वादळी वेगाचीही गरज पडत नाही.

काही अवशेषांचे रूपच बदलते. मध्य अक्षांशांत पोहोचल्यावर थंड आणि उबदार हवेतील तफावत त्यांना नवी ऊर्जा देते. तेव्हा वाऱ्याचा पट्टा पसरतो आणि वादळ वेगाने पुढे जाते. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘हेझल’ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर सकाळी धडकले आणि त्याच रात्री टोरांटोत पूर आला; ऑन्टॅरिओत ८१ जण मरण पावले. वेगवान वादळाला कमी पाऊस सांगणारा वरचा ठोकताळा इथे थिटा पडतो, कारण थंड हवेच्या सीमेने पावसाला जोर दिला होता आणि जमीन आधीच ओली होती. २०१२ मध्ये ‘सँडी’ने अमेरिकेचा किनारा गाठण्याच्या थोडेच आधी आपले उष्णकटिबंधीय स्वरूप टाकले. या रूपांतराच्या अपेक्षेने उत्तरेकडच्या किनाऱ्याला हरिकेनचा (अटलांटिकमधल्या प्रबळ चक्रीवादळाचा) नेहमीचा इशाराच दिला गेला नव्हता. या तांत्रिक काटेकोरपणावर टीका झाली आणि पुढच्या वर्षापासून असे इशारे चालू ठेवण्याची मुभा अमेरिकेच्या नियमांत आली.

अवशेष पुन्हा समुद्र गाठतात तेव्हा ते नव्याने वादळही होऊ शकतात. २६ सप्टेंबर २०२१ रोजी भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आलेले ‘गुलाब’ दख्खन ओलांडताना पाऊस पाडत गेले, अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकले.