टोकन देण्याआधी नंबर ‘ए’चा आहे की ‘पी’चा ते बघा
(नवीन फ्लॅट बुक करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

हे पत्रक छापायचं कारण एकच, गेल्या दोन वर्षांत आमच्या डोंबिवलीच्या ब्रोकर ऑफिसात येणाऱ्या दर चार-पाच माणसांत एक जण तरी मोबाईल पुढे करून म्हणतो, "रेरा नंबर आहे हो, चेक केलंय, फक्त लोनचं बघा." आणि आम्ही बघतो तर तो नंबर ब्रोकरचा असतो, बिल्डिंगचा नसतोच.

आता हे नीट समजून घ्या, बाकी पत्रक नाही वाचलं तरी चालेल. महारेरा म्हणजे बिल्डर आणि एजंट यांची नोंदणी करणारं, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं महाराष्ट्राचं सरकारी प्राधिकरण, लोक त्यालाच रेरा म्हणतात. महारेराचे नंबर दोन प्रकारचे असतात. ‘ए’ने सुरू होतो तो एजंटचा, म्हणजे ब्रोकरचा. ‘पी’ने सुरू होतो तो प्रोजेक्टचा, आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या नंबरांची सुरुवात पी५१७ अशी दिसेल, मुंबई उपनगर पी५१८, पुणे पी५२१, आणि अलीकडचे बरेच नवीन नंबर ‘पीआर’ने सुरू होतात. ‘ए’ नंबर एवढंच सांगतो की समोरच्या माणसाने एजंट म्हणून नोंदणी केलीये. तो जी बिल्डिंग दाखवतोय ती नोंदलेली आहे, परवानग्या आहेत, यातलं काहीच तो नंबर सांगत नाही. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या रंगीत जाहिरातीत खाली बारीक अक्षरात ‘महारेरा नोंदणीकृत’ आणि पुढे ‘ए’ नंबर असतो, लोकांना वाटतं झालं काम.

मागच्या दिवाळीत एका कुटुंबाने असंच ५१ हजारांचं टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, एका ब्रोकरच्या पर्सनल फोनवर यूपीआय केलं आणि मग पावती घेऊन आमच्याकडे आले, की बँक प्रोजेक्ट अप्रूव्ह करत नाही, तुम्ही काहीतरी करा. त्या प्रोजेक्टला पी नंबर आलाच नव्हता, अर्ज केलाय एवढंच तोंडी सांगितलेलं. पैसे परत मिळवायला तीन आठवडे गेले, मुलीच्या शाळेजवळचं भाड्याचं घर सोडायची नोटीस देऊन झालेली, ती मागे घ्यावी लागली. त्या काकूंचा चेहरा मला अजून आठवतो. पाच मिनिटं आधी आले असते तर महारेराच्या पोर्टलवर, म्हणजे वेबसाइटवर, तिथल्या तिथे दाखवलं असतं.

म्हणून आमच्याकडे प्री-लाँच मिळत नाही. ‘आत्ता घेतलं तर दहा टक्के स्वस्त, रेरा आल्यावर रेट वाढणार’ असं सांगून विकतात त्याला प्री-लाँच म्हणतात, आणि आम्ही ते का करत नाही म्हणून काही ग्राहक रागावून दुसरीकडे जातात, जाऊ देत. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १० मध्ये एजंटने काय करायचं नाही ते लिहिलंय, पहिलीच गोष्ट म्हणजे ज्या प्रोजेक्टला नोंदणी लागते आणि ती झालेली नाही त्यातला फ्लॅट विकायला मदत करायची नाही. मोडलं तर कलम ६२ प्रमाणे दंड दिवसाला १० हजार, आणि तो वाढत वाढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटला अडीच लाख. पण दंडाची भीती हे खरं कारण नाही, नोंदणी नसलेल्या ठिकाणी तुमचे पैसे अडकले तर ते सोडवायचा रस्ता फार लांबचा होतो, आणि आम्हाला याच गावात राहायचंय.

लहान प्रोजेक्टला मात्र सूट आहे, जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील तर नोंदणी लागत नाही. कोणी हे कारण सांगितलं तर प्लॅन मागा आणि फ्लॅट मोजा. रिसेलच्या फ्लॅटला पण बरेच जण पी नंबर मागतात, जुन्या बिल्डिंगला तो नसणारच, तिथे आधीची सगळी ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (व्यवहाराच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी आणि ओसी (इमारतीत राहायला जायची पालिकेची परवानगी) बघायची, ते काम वेगळं आणि त्याला आम्ही वेगळे बसतो.

आता दुसरा प्रश्न, "तुमच्या भिंतीवर ते सर्टिफिकेट कसलं?" ते सक्षमता प्रमाणपत्र. पूर्वी १० हजार फी भरली, कागद दिले की एजंट. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आदेश काढला की एजंटला २० तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा, पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली, घेते आयबीपीएस, म्हणजे तीच संस्था जी बँकेच्या भरतीच्या परीक्षा घेते. आधीपासून काम करणाऱ्यांना पण सूट नाही. मी या धंद्यात १९ वर्षं आहे, माझ्या बॅचला माझ्यापेक्षा मोठे दोन-तीन गृहस्थ होते, कुरकुर झाली, पण मी मनापासून सांगतो की ते २० तास उपयोगी पडले. कार्पेट एरियाची, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्याच घ्या, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरायची नाही, हे मी इतकी वर्षं अंदाजाने सांगायचो, आता कायद्यावर बोट ठेवून सांगतो. ज्यांनी हे केलं नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. म्हणून एजंटचा ‘ए’ नंबर पण पोर्टलवर टाकून बघाच, आमचा सुद्धा. नोंदणी पाच वर्षांची असते, मुदत संपलीये का आणि नाव तेच आहे का ते दिसतं. फोटो किंवा झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, लाइव्ह पोर्टल बघा. आम्हाला वाईट वाटत नाही, उलट विचारलं की बरं वाटतं.

पी नंबर मिळाल्यावर काय बघायचं तर आधी नंबर त्याच विंगचा आहे का, एका कॉम्प्लेक्समध्ये फेजप्रमाणे वेगळे नंबर असतात आणि ए विंगचा पी नंबर दाखवून डी विंग विकणारे आहेत. मग पूर्ण व्हायची तारीख, आणि मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. सीसीवर आम्ही जास्त वेळ घालवतो आणि ग्राहक घड्याळ बघायला लागतात, पण आपल्याच कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, खोट्या परवानग्या जोडून महारेराचे नंबर मिळवलेले, नंबर पोर्टलवर दिसत होते, लोक राहायला गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने इमारती पाडायचा आदेश दिला. म्हणून आम्ही सीसी महापालिकेकडून पडताळतो, त्याला दोन-तीन दिवस लागतात, तेवढे द्या.

जाहिरातीवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड लागतो, स्कॅन केल्यावर महारेराचं पान उघडलं पाहिजे, नाव-नंबर भरायचा फॉर्म उघडला तर सोडून द्या.

पैशांचं सरळ आहे. आम्ही टोकन आमच्या नावावर घेत नाही, एक रुपया पण नाही. चेक प्रोजेक्टच्या कलेक्शन अकाउंटच्या (ग्राहकांचे पैसे जमा होतात त्या बँक खात्याच्या) नावाने, आणि ॲग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत १० टक्क्यांच्या वर बिल्डरला पण घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३. नवीन फ्लॅटची ब्रोकरेज आम्हाला बिल्डर देतो, तुमच्याकडून काही घेत नाही, किती देतो ते विचारलंत तर सांगतो. रिसेल आणि भाड्याची ब्रोकरेज तुमच्याकडून, आधी लिहून आणि पावतीसकट. त्यात घासाघीस करणाऱ्यांना एवढंच म्हणणं आहे की पेपर तपासायचं काम त्याच पैशात होतं.

दुसऱ्या कोणाकडून बुक करत असाल तरी नंबर घेऊन या, पोर्टलवर तुमच्यासमोर उघडून दाखवायचे पैसे आम्ही घेत नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे. येताना जाहिरातीचा फोटो, विंग आणि फ्लॅट नंबर, आणि काही पैसे दिले असतील तर पावती किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट आणा. शनिवार-रविवारी साइट व्हिजिट असतात, त्यामुळे मधल्या वारी संध्याकाळी सहानंतर या, आणि शक्यतो टोकन द्यायच्या आधी.