ओफास्ट आणि न मोजलेले दोन दिवस

ऐरोलीत आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैभर तिने गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजला आणि सरासरी काढायला सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. मधले दोन दिवस ती गावाला गेली होती. त्या जागी तिने शून्य न लिहिता ‘नॅन’ लिहिलं, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. मला हे फार आवडलं. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॅन दिसला की तो दिवस वगळायचा, अशी तपासणीही तिने घातली होती.

एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन खाली आली. “काका, कालपर्यंत सरासरी बरोबर येत होती. आज नुसतं नॅन येतंय. प्रोग्रॅममधलं एक अक्षरही मी बदललेलं नाही.”

ते खरंच होतं. बदलली होती ती कंपाइल करायची कमांड. कॉलेजच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका यादीतून तिने ‘-ओ2’ च्या जागी ‘-ओफास्ट’ घातलं होतं. यादीत त्याच्यासमोर एवढंच होतं: प्रोग्रॅम सुसाट पळतो.

आपण लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत उतरवण्याचं काम कंपायलर करतो. ते कसं करायचं, हे त्याला कमांडमधल्या ऑप्शन्सनी सांगता येतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये जीसीसी हा कंपायलर पहिल्यांदा प्रसिद्ध केला; आज त्याला असे शेकडो ऑप्शन्स आहेत. त्यांच्याभोवती गैरसमजही भरपूर. ‘-डब्ल्यूऑल’ने सगळे इशारे मिळतात असं नावावरून वाटतं, पण मिळत नाहीत. ‘-ओ’ पुढचा आकडा वेग वाढवण्याची पातळी सांगतो, सर्वात वरची 3. तरी ‘-ओ9’ लिहिणारे लोक मी पाहिलेत. जीसीसी त्याला मुकाट्याने ‘-ओ3’ समजतो.

आता नॅनकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. संगणकात दशांश संख्या साधारणपणे 64 बिटांत ठेवतात: 1 बिट चिन्हाचा, 11 घातांकाचे, 52 अपूर्णांकाचे. आयईईई 754 या 1985 च्या मानकाने ठरवलं की घातांकाचे अकराही बिट 1 असतील आणि अपूर्णांक शून्य नसेल, तर तो नॅन. त्याचा एक विलक्षण गुण असा, की नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. ‘क्ष आणि क्ष वेगळे आहेत का?’ या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर फक्त नॅनच देतो. नॅन ओळखायची युक्ती यावरच उभी आहे. आणि बेरजेत एक नॅन शिरला की पूर्ण बेरीज नॅन होते.

‘-ओफास्ट’ कंपायलरला सांगतो, की या प्रोग्रॅममध्ये नॅन कधी येणारच नाही असं धरून चाल. कंपायलर ते शब्दशः घेतो. नॅन नाहीच, तर क्ष नेहमी क्ष इतकाच. मग ‘हा नॅन आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘नाही’, आणि उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न विचारण्यात वेळ का घालवायचा? तो तपासणी उडवून टाकतो. तिने दारावर बसवलेला राखणदार कंपायलरनेच घरी पाठवला, आणि ते दोन दिवस थेट बेरजेत गेले.

वेग मिळतो तो कुठून? काही अंशी अशा तपासण्या गाळून, पण मुख्यतः बेरजेचा क्रम बदलून. एकाच वेळी चार दशांश संख्यांवर काम करता येईल एवढे रुंद रजिस्टर, म्हणजे हिशोबाचे आकडे ठेवायचे आतले कप्पे, आजच्या बऱ्याच प्रोसेसरांत असतात. त्यांचा उपयोग करायचा तर एका ओळीतली बेरीज चार गल्ल्यांत वाटून शेवटी एकत्र करावी लागते. शाळेत शिकलो त्याप्रमाणे कंस कुठेही टाकला तरी बेरीज तीच. 64 बिटांत तसं होत नाही, कारण प्रत्येक पायरीला उत्तर जवळच्या मावेल त्या संख्येला टेकवलं जातं. 0.1 आणि 0.2 आधी मिळवून त्यात 0.3 घातले तर 0.6000000000000001 येतं, 0.2 आणि 0.3 आधी मिळवले तर 0.6. म्हणून कंपायलर नुसत्या ‘-ओ3’ ने हा क्रम बदलत नाही. त्याला त्याची वेगळी परवानगी लागते. मुळात 31 आकड्यांच्या बेरजेला ती परवानगी द्यायची गरजच नव्हती.

दसऱ्याला आपण संगणकाला फूल वाहतो, त्यात कृतज्ञता आहे. पण अर्थ न कळता ऑप्शन्सची यादी पुढे पाठवणं हा गंडादोरा आहे, आणि इंजिनीअरिंगच्या वर्गात तरी तो चालता कामा नये.

तरीही सगळा दोष यादीवर टाकून मला थांबता येत नाही. जीसीसीच्या सोर्समध्ये प्रत्येक ऑप्शनची एक छोटी नोंद असते: पहिल्या ओळीत नाव, दुसरीत गुणधर्म, तिसरीत मदतीचं वाक्य. हेल्प मागितल्यावर ते तिसरं वाक्यच पडद्यावर येतं. ओफास्टच्या वाक्याचा अर्थ असा: मानकाच्या काटेकोर पालनाकडे दुर्लक्ष करून वेग वाढवा. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला यातलं ‘मानक’ एखाद्या सरकारी औपचारिकतेसारखं वाटलं तर नवल नाही. पूर्ण मॅन्युअल उघडलं तर ओफास्टची नोंद फास्ट-मॅथ या दुसऱ्या ऑप्शनकडे पाठवते, फास्ट-मॅथची नोंद फायनाइट-मॅथ-ओन्ली या तिसऱ्याकडे, आणि नॅनचं नाव तिथे येतं. माहिती खरी आहे, पूर्ण आहे, पण तिसऱ्या दाराआड आहे. ‘तुमची नॅनची तपासणी चालणार नाही’ हे वाक्य पहिल्याच दारावर हवं. वेग किती मिळेल हे प्रोग्रॅमवर अवलंबून असतं. काय हातचं जाणार हे मात्र लिहिणाऱ्याला आधीच माहीत असतं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने 2024 मध्ये, 19 व्या आवृत्तीपासून, ओफास्ट वापरू नका असा इशाराच द्यायला सुरुवात केली.

आम्ही ‘-ओ2’ परत लावलं. सरासरी आली, 29 दिवसांची. मग तिने मेकफाइल, म्हणजे कंपाइलची कमांड लिहून ठेवलेली फाइल, उघडली आणि ऑप्शन्सच्या ओळीवर मराठीत लिहिलं: ‘इथे ओफास्ट लावू नये. पावसाच्या फाइलमध्ये नॅन आहेत, ते वगळले जाणार नाहीत.’