जेटीवरचं पाणी ओतलं की रीफ टँक तयार?

"कोकणात राहता ना, मग रीफ टँकसाठी मीठ कशाला विकत घेता, जेटीवरून कॅन भरून आणा, ओता आणि मासे सोडा" असा मेसेज रीफ टँकबद्दल, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल, कितीतरी वर्षं फिरतोय. पटतोही, कारण मासे समुद्रातच तर राहतात.

पण आपल्या बऱ्याचशा जेट्या खाडीत आहेत. तिथे नदीचं गोडं पाणी मिसळतं, पावसाळ्यात तर लाल गढूळ पाणीच येतं, वर होड्यांच्या डिझेलचा तवंग. खुल्या समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, खाडीत त्याचा भरवसा नाही. खात्री करायची तर रिफ्रॅक्टोमीटरच्या (खारेपणा मोजायच्या छोट्या उपकरणाच्या) काचेवर दोन थेंब टाका, झाकण लावून उजेडाकडे धरून बघा, रेघ विशिष्ट गुरुत्वाच्या (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनतेच्या) पट्टीवर 1.025 च्या आसपास हवी. एकाच जागी भरतीला आणि ओहोटीला मोजा, फरक लगेच कळेल.

बरं, पाणी अगदी खोल समुद्रातलं आणलं तरी ते बंद कॅनमध्ये ठेवलं की त्यातले बारीक जीव मरून कुजतात आणि माशांना विषारी असलेला अमोनिया वाढतो. शिवाय माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया दगडांवर बसायला बऱ्याचदा महिना-दीड महिना जातो, टँक मोठा असला म्हणून हे टळत नाही. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया पचताना मधे तयार होतं ते, तेही विषारी) दोन्ही वाढून परत शून्यावर आले की मगच पहिला मासा सोडा, तोही एखादाच.

आणि प्रवाळ मालवणच्या समुद्रातून उचलून आणू नका प्लीज, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.