सहावी ते आठवी भूगोल: राहिलेलं काम, फेरचाचणी आणि क्षेत्रभेट, अर्ज कसा द्यायचा

मी मुंबईत सहावी ते आठवीला भूगोल शिकवते. जूनच्या पालक सभेत सांगितलेलं ऑगस्टपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून यंदा लिहूनच काढतेय. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाला ऐन भरती-ओहोटीच्या धड्याला डेंग्यू झाला, पंधरा दिवस घरी होता, आणि राहिलेल्या कामासाठी अर्ज देता येतो हे त्याच्या आईला माहीतच नव्हतं. मार्क गेले त्याचे. मला ते अजून खातंय.

तर अर्ज कोण देऊ शकतं? मूल आजारी असेल, घरात कोणी वारलं असेल, किंवा शाळेकडून खेळायला गेलं असेल तर. पावसात लोकल बंद पडली, शाळेत पोचताच आलं नाही, तर त्याला कागदही नको, त्याच दिवशी ग्रुपवर मेसेज टाका, पुरे. गावी लग्न आहे किंवा गणपतीला कोकणात जाऊन चार दिवस जास्त राहिलो, याला मात्र फेरचाचणी नाही, पण आधी सांगितलंत तर काम मी आधीच देते.

कागद फार नाहीत. साध्या पानावर वर्गशिक्षकांच्या नावे अर्ज लिहा, त्यात मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गैरहजर ते, आणि खाली पालकाची सही. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारपण असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट, अ‍ॅडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स. ओरिजिनल देऊ नका, ते तुमच्याकडेच राहू दे. खेळाडूंना खेळाच्या सरांची सही लागते. मूल शाळेत परत आल्यापासून ७ दिवसांत ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, हे विसरू नका, कारण पोच नसली की नंतर अर्ज शोधत बसावं लागतं आणि त्यात मुलाचा वेळ जातो.

आता काम कसलं ते. सातवीला आठ दिवस भरतीच्या वेळा टिपायच्या असतात, पेपरात मिळतात. रोज साधारण ५० मिनिटं भरती उशिरा येते, का, ते मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. हाजी अलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो हे आपल्या मुलांनी पाहिलेलं असतं, तिथून सुरुवात केली की चंद्राचं गुरुत्वाकर्षण पटकन कळतं. आठवीला स्थानिक वेळ: आपली प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरची, मुंबई साधारण ७२°५०' वर, एका अंशाला ४ मिनिटं धरली की आपण जवळपास ३९ मिनिटं मागे. हे गणित मुलाने करायचं, पालकांनी नाही. अक्षर वाकडं असलं तरी मी मार्क कापत नाही, पण आईने काढलेला सुबक नकाशा लगेच ओळखू येतो आणि त्याला मार्क देता येत नाहीत. भारताची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी, नेटवर काश्मीरची रेघ चुकलेले नकाशे खूप फिरतात.

क्षेत्रभेटीला यंदा अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे. बेसाल्टचे उभे खांब, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, ज्वालामुखी पुस्तकात वाचण्यापेक्षा हे बघितलेलं बरं. संमतीपत्रावर पालकाची सही आणि चालू मोबाईल नंबर लागेल, दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर तेही लिहा, लपवू नका. संमतीपत्र नसेल तर मूल शाळेतच थांबतं, त्यात माझा नाइलाज आहे.

आठवीच्या पालकांनी एक वेगळं लक्षात घ्या. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं, नाही झालं तर निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागू शकतं. ती परीक्षा सरकारी नियमाने होते, माझ्या फेरचाचणीचा अर्ज तिला चालत नाही, दोन्ही एक समजू नका.

आणि अ‍ॅटलास नवीनच हवा असं नाही, ताई-दादाचा चालेल, फक्त त्यात दक्षिण सुदान, तेलंगणा आणि लडाख वेगळे दाखवलेत का बघा. ते अनुक्रमे २०११, २०१४ आणि २०१९ चे बदल, नसतील तर माझ्याकडे वर्गात तीन अ‍ॅटलास आहेत, मधल्या सुट्टीत येऊन वापरा म्हणावं.