अटल टिंकरिंग लॅबसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि शाळा सुटल्यावरचा मॉडेलिंगचा वर्ग

गावात साथ कशी पसरते, तळ्यात मासे कशाने कमी होतात, हे सहावी ते आठवीच्या मुलांना संगणकावर स्वतः रचून पाहता येते. यालाच मॉडेलिंग म्हणतात. त्यासाठी साहित्य, थोडा पैसा आणि तासिकांबाहेरचा वेळ लागतो. साहित्य आणि पैशासाठी नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची अटल टिंकरिंग लॅब योजना २०१६ पासून आहे. वेळेची तजवीज मात्र शाळेलाच करावी लागते, आणि ती अर्ज भरण्याआधी केलेली बरी.

अनुदान एकूण २० लाख रुपये. त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पुढची जास्तीत जास्त पाच वर्षे लॅब चालवण्यासाठी. पहिला हप्ता १२ लाखांचा. खोली शाळेची असावी लागते.

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि खासगी संस्थांच्या शाळा पात्र आहेत. लाभार्थी वर्ग सहावी ते बारावी. जागा १५०० चौरस फूट हवी. डोंगराळ प्रदेश, बेटे आणि ईशान्य भारतासाठी १००० चौरस फूट चालते. आपल्याकडची २५ बाय २० फुटांची वर्गखोली ५०० चौरस फूट भरते, म्हणजे तशा तीन खोल्यांची जागा झाली. अंदाजाने आकडा टाकू नका, टेप लावून मोजा. विद्यार्थी व शिक्षकांची ७५ टक्के उपस्थिती, गणित-विज्ञानाचे शिक्षक, ग्रंथालय, मैदान, वीज आणि इंटरनेट हेही पाहिले जाते.

अर्ज ऑनलाइन असतो, पण वर्षभर स्वीकारला जात नाही. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० लॅब उभारण्याची घोषणा झाली आहे. त्यामुळे जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांनी तर कागद आताच जुळवून ठेवावेत: यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), हजेरीची आकडेवारी, खोलीचे मोजमाप व फोटो, मुख्याध्यापकांचा चालू मोबाइल व ईमेल. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन ठेवावा, पुढे खोलीवरून वाद होत नाही. खासगी शाळांनी धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचे पॅन आणि दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ) क्रमांकही जवळ ठेवावा.

निवडीनंतर करारनामा, लॅबसाठी स्वतंत्र बँक खाते आणि पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधी खात्यात पाठवणाऱ्या संगणक प्रणालीवर, नोंदणी. सगळ्यात जास्त अडते ते इथेच, आणि अडते नावावरून. यू-डायसवर नावाआधी ‘श्री’ आहे, पासबुकात नाही. एका कागदावर ‘विद्यालय’च्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘ए’ आहे, दुसऱ्यावर नाही. पॅन संस्थेच्या नावाचे आणि खाते शाळेच्या नावाचे, हा घोळ तर नेहमीचाच. माणसाला फरक वाटत नाही, संगणकाला वाटतो, आणि हप्ता लटकतो. म्हणून खाते उघडतानाच यू-डायसची प्रत समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा.

खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करावी. प्रत्येक बिल जपावे, कारण लेखापरीक्षित हिशेब आणि जीएफआर १२-ए नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. अनुदानावरचे व्याज शाळेचे नव्हे. ते भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवरून सरकारजमा करायचे असते.

साहित्याचे चार संच ठरलेले आहेत: इलेक्ट्रॉनिक्स-रोबोटिक्स, थ्रीडी प्रिंटर, हत्यारे-मोजमापाची साधने आणि वीजपुरवठा-सुरक्षा. मॉडेलिंगचा वेगळा संच नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. स्क्रॅच आणि नेटलोगो हे मॉडेल रचण्याचे प्रोग्राम फुकट आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. उपक्रमाच्या आराखड्यात नुसते ‘मॉडेल तयार करणे’ लिहू नका, वाचणाऱ्याला थर्माकोलचा ज्वालामुखी दिसतो. ‘संगणकावर साथीचे मॉडेल रचून प्रयोग करणे’ असे स्पष्ट लिहा. वेळ ठरवताना एसटीची शेवटची गाडी पाहा. दुबार शाळेत दुपारच्या सत्रातल्या मुलांसाठी वर्ग शाळा भरण्याआधी घ्यावा लागतो. दहा संगणक असतील तर एका वेळी वीस मुले, जोडीजोडीने: एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने वहीत नोंद करायची, दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. लॅबची किल्ली दोन शिक्षकांकडे असावी. एकाची बदली झाली की कुलूप लागते ते उघडतच नाही.

साथीच्या मॉडेलची सुरुवात पडद्यावर फिरणाऱ्या १०० ठिपक्यांनी करा, एक ठिपका म्हणजे एक माणूस. त्यातले पाच आजारी, स्पर्श झाला की लागण होण्याची शक्यता २० टक्के. मग ती १० टक्क्यांवर आणून पाहा. मुले हटकून शक्यता आणि ठिपक्यांची संख्या एकदमच बदलतात, आणि मग फरक कशाने पडला ते सांगता येत नाही. एका वेळी एकच आकडा बदलायचा, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. दुसरे म्हणजे, तेच मॉडेल पुन्हा चालवल्यावर आजारी ठिपक्यांचा आकडा वेगळा आला की ‘सर, प्रोग्राम चुकला’ असा गलका होतो. चुकलेले काही नसते, ठिपके दर वेळी वेगळ्या वाटेने फिरतात. दहा वेळा चालवायला सांगा, दहाही आकडे फळ्यावर मांडा आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्याभोवती मुलांनाच गोल काढू द्या.