खुरपं मुठीपाशीच का मोडतं?

पावसाळा तोंडावर आला की गच्चीबागवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला हमखास फिरतो: खुरपी, कात्र्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा, हवाच लागली नाही तर गंज कुठून येणार? मग नवी मुंबईतल्या नेरूळपासून ठाण्याच्या घोडबंदर रोडपर्यंत बाल्कन्यांच्या कोपऱ्यांत अशी गाठोडी पडून राहतात. गणपती झाल्यावर गाठ सोडली की आतून तांबूस चुरा गळतो आणि ‘हल्ली लोखंडच चांगलं येत नाही’ असं म्हणून नवीन खुरपं आणलं जातं.

या सल्ल्याचं मूळ शाळेच्या प्रयोगात आहे. तीन परीक्षानळ्या आठवा. एकीत खिळा आणि साधं पाणी, दुसरीत उकळून हवा घालवलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कॅल्शियम क्लोराइडने कोरडी केलेली हवा. गंज फक्त पहिलीत. म्हणजे गंजायला हवा आणि पाणी दोन्ही हवं. इथवर सगळं बरोबर. पण ‘जिथं हवा पोचत नाही तिथं लोखंड सुखरूप’ हा पुढचा अर्थ आपण आपल्या पदरचा लावतो, आणि तो चुकतो. खऱ्या अवजाराच्या एका भागाला हवा भरपूर मिळते, दुसऱ्याला जेमतेम. सगळा घोळ या विषमतेत आहे.

केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाने हे एका थेंबात दाखवलं. माझ्या मते गंजावरचा इतका देखणा प्रयोग दुसरा नाही. लोखंडी पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात आधीच दोन रसायनं मिसळलेली असतात. लोखंड विरघळून पाण्यात उतरलं की फेरिसायनाइड निळं होतं, आणि पाणी अल्कधर्मी झालं की फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी. सुरुवातीला थेंबाखाली निळे-गुलाबी ठिपके कसेही विखुरलेले दिसतात. मग पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपत जातो तसे रंग आपापल्या जागा धरतात: मध्यभागी निळा, काठाला गुलाबी. मधल्या सीमेवर तपकिरी कडं उमटतं, तो गंज.

काठाशी पाण्याचा थर पातळ असतो, त्यामुळे तिथं ऑक्सिजन ताबडतोब पोचतो आणि इलेक्ट्रॉन मागतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच येतात, थेंबाच्या मध्यभागातून. तिथं ऑक्सिजन जवळपास नसतो. इलेक्ट्रॉन सोडलेले लोखंडाचे अणू आयन होऊन पाण्यात उतरतात. थोडक्यात, थेंबाखाली एक विद्युतघट चालू होतो आणि पत्रा स्वतःच त्याची वायर बनतो. मधून निघालेलं लोखंड आणि काठाशी ऑक्सिजन, पाणी व इलेक्ट्रॉन मिळून बनलेले हायड्रॉक्सिल आयन (पाणी अल्कधर्मी करतात ते हेच) वाटेत भेटतात, तिथं गंज बसतो. म्हणजे गंज दिसतो एकीकडे आणि खड्डा पडतो दुसरीकडे, नेमका हवा कमी असलेल्या जागी.

आता थोडं रसायनात शिरतो. कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडून पुढे या. मधल्या खड्ड्यात धन आयन साठले की विद्युतभार जुळवायला पाण्यातले क्लोराइड आयन आत ओढले जातात. लोखंडाचे आयन पाण्याच्या रेणूंतला हायड्रॉक्सिल पकडतात आणि हायड्रोजन आयन मागे उरतात. खड्ड्यातलं पाणी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लासारखं वागू लागतं. आम्लात लोखंड आणखी भराभर विरघळतं, आणखी क्लोराइड आत येतं. खड्ड्याच्या तोंडावर गंजाची खपली बसते, त्यामुळे ऑक्सिजनची वाट आणखी अडते. स्टेनलेस स्टीलही यातून पूर्ण सुटत नाही. त्याच्या क्रोमियम ऑक्साइडचा थर मोजक्या नॅनोमीटरचा असतो. एरवी तो ओरखडा पडला तरी आपोआप भरून येतो, पण चिंचोळ्या फटीत, ऑक्सिजनअभावी, क्लोराइडपुढे त्याचं काही चालत नाही. तेव्हा वेष्टनावर ‘कधीच गंजणार नाही’ असं छापलेलं असेल तर ते छपाईचं कौशल्य समजावं.

मोडलेलं खुरपं हातात घेऊन पाहा. पात्याचा रुंद भाग तपकिरी, पण धडधाकट असतो. लाकडी मुठीत शिरतो तो भाग काळपट झालेला असतो. नखाने खरवडला तर पापुद्रे सुटतात आणि जाडी निम्मीही उरलेली नसते. मूठ ओल धरून ठेवते, हवा येऊ देत नाही. पात्याला चिकटलेल्या मातीच्या ढेकळाखाली हेच घडतं, आणि छाटणीच्या कात्रीच्या बोल्टखालीही, जिथं चाफ्याचा चीक आणि धूळ यांचा लगदा साचतो.

आपल्याकडे यात खाडी भर घालते. मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येऊन बसतात. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी ओढून विरघळतं, पण समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. बिल्डर जादा पैसे लावून विकतो त्या खाडीदर्शनी बाल्कनीत खारट पातं कोरडं दिसलं तरी क्वचितच कोरडं असतं. गंमत म्हणजे उघड्यावर पडलेल्या अवजाराचं मीठ पाऊस निदान धुऊन तरी नेतो. छज्ज्याखालच्या अवजारावरचं तसंच साचत राहतं. असं अवजार पिशवीत बांधणं म्हणजे तो खारट दमटपणा आत कोंडणं.

म्हणून काम झाल्यावर अवजार आधी नळाच्या पाण्याने धुवायचं, मग पुसून पंख्याखाली वाळवायचं, आणि मगच मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं. खाण्याचं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. लाकडी मुठीला मात्र जवसाचं तेल उत्तम, ते लाकडात मुरून सुकतं. पोटॅश खत खुरप्याने कालवू नये; म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. रोगट फांदी कापल्यावर कात्री ब्लीचमध्ये बुडवण्यापेक्षा स्पिरिटने पुसावी. धार लावताना पात्याची उतरती बाजूच घासावी, सपाट बाजूला उठलेली बारीक कड, म्हणजे कणी, तेवढी काढावी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात खुरपं घेताना पात्याच्या चकाकीपेक्षा मुठीचा सांधा बघा: हलतो का, फट आहे का, पाणी आत शिरेल का.

खंडेनवमीला अवजारांची पूजा जरूर करा. पण ओल्या हळदकुंकवाचा ठिपका ‘देवाचा’ म्हणून आठवडाभर पुसायचाच नाही, हा हट्ट कशाला? तो ठिपका म्हणजे इव्हान्सचाच थेंब. आणि गंजामुळे धनुर्वात होतो, हेही खरं नाही. त्याच्या जिवाणूंचे बीजाणू मातीत आणि शेणखतात असतात, आणि खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत ते वाढतात. मातीत वापरलेलं, गंजाचा डागही नसलेलं स्टेनलेस खुरपं लागलं तरी जखम साबणाने धुवा आणि लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगा.

आणखी एक युक्ती फिरते, तेलात भिजवलेल्या रेतीच्या बादलीत पाती खुपसून ठेवायची. ती चांगली आहे, रेती पातं घासतेही आणि तेलही लावते. फक्त रेती कुठली ते विचारा. शेजारच्या बांधकामावरून ओंजळभर आणली आणि ती खाडीची, न धुतलेली निघाली, तर बादलीत तेलासोबत मीठही आलं. आधी गोड्या पाण्यात खळखळून धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, मग तेल ओता.