नर-मादी बिजागरी (दारे व सुकाणू)

एका भागावर खुंटी, दुसऱ्या भागावर तिला सामावून घेणारे कडे किंवा खळगा, अशी जोडी म्हणजे नर-मादी बिजागरी. खुंटी कड्यात उतरली की तिच्याभोवती फिरण्याची मोकळीक तेवढी राहते, बाकीच्या हालचाली बंद होतात. कारागिरांच्या बोलण्यात खुंटी हा नर आणि कडे ही मादी. जहाजावर सुकाणूच्या खुंटीला पिंटल आणि कड्याला गजन म्हणतात. वाड्याचे कवाड, शेताचे फाटक, कालव्यावरच्या जलपाशाचे (बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कोंडीचे) दार आणि जहाजाचे सुकाणू या सगळ्यांत यंत्रणा एकच आहे. तिच्यावर पडणारा भार मात्र जागोजागी बदलतो, आणि खुंटीचे तोंड वर ठेवायचे की खाली, धातू कोणता घ्यायचा, फट किती ठेवायची हे सगळे त्या भारावर ठरते.

दारावरचा भार

दाराचे वजन बिजागरीच्या रेषेत नसते. ते दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून अर्ध्या रुंदीवर असते. त्यामुळे दार खाली ओढले जाते आणि त्याच वेळी चौकटीपासून बाहेर कलंडू पाहते. वरची बिजागरी चौकटीतून उपसली जाते, तर खालची आत दाबली जाते. समजा दार ३० किलोंचे, ९० सेंटिमीटर रुंद आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर १७० सेंटिमीटर आहे. अशा दारात वरच्या बिजागरीवर सुमारे ८ किलोंची आडवी ओढ कायम राहते. अंतर निम्मे केले की ओढ दुप्पट होते. जुन्या दारांत वरच्या बिजागरीचेच स्क्रू आधी सैल होतात आणि दार खालच्या कोपऱ्यात फरशीला घासू लागते, त्याचे कारण हे. अशा वेळी दाराची कड रंधून टाकण्याची घाई बरेच जण करतात. वरचे स्क्रू लांब घालून बिजागरी पुन्हा घट्ट केली, तर बहुतेक वेळा रंधा उचलावाच लागत नाही.

दुसरी अट सरळ रेषेची. सगळ्या खुंट्यांचा आस एकाच रेषेत हवा. दोन बिजागऱ्या असतील तर त्या एका रेषेत आणणे सोपे जाते, कारण दोन बिंदूंतून एक रेषा जातेच. तिसरी आली की सुताराचे कसब लागते. ती थोडी जरी बाहेर बसली तरी दार फिरताना अडते आणि त्या जोरात स्क्रू उखडतात. शिवाय ही रेषा ओळंब्यात हवी. ती कलली असेल तर फिरताना दाराचा गुरुत्वमध्य वर-खाली होतो आणि दार आपोआप सर्वांत खालच्या जागी जाऊन थांबते. घरात ही खोड ठरते. फाटकाला मात्र मुद्दाम असा किंचित कल दिला, तर ते सोडल्याबरोबर स्वतःहून बंद होते.

दगडी खळगा आणि लाकडी खुंटी

पत्र्याच्या दोन पानांची बिजागरी रूढ होण्यापूर्वी जगभर कित्येक जड दारे चौकटीवर टांगलेली नव्हती, ती खुंटीवर उभी असत. दाराच्या एका बाजूचा जाड खांब वर आणि खाली थोडा पुढे काढून गोल करत. खालचे टोक उंबऱ्याच्या दगडातल्या खळग्यात बसे, वरचे टोक चौकटीच्या वरच्या तुळईतल्या किंवा दगडी कानातल्या भोकात. या रचनेत दाराचे सगळे वजन खालची खुंटी घेते. वरची खुंटी वजन घेतच नाही, ती दाराला कलंडू देत नाही एवढेच तिचे काम. वजन आणि ओढ यांची अशी वाटणी झाल्यामुळे एका टनाचे कवाडही माणसाच्या हाताने हलते. घर्षण होते ते आसापासून दोन-चार सेंटिमीटरवर आणि हाताचा जोर लागतो तो दीड-दोन मीटरवर. त्या तरफेत घर्षण हरते.

मेसोपोटेमियात असे खळग्याचे दगड मोठ्या संख्येने सापडले आहेत. लगाश या नगरराज्याचा गुदेआ याच्यासारखे राजे देवळाच्या दारांच्या या दगडांवर आपली नावे आणि देवाला केलेले अर्पण कोरून ठेवत. हा दगड जमिनीत गाडला जाई, तरी त्यावर लेख असे. दार ज्यावर उभे राहते त्या दगडाला केवढा मान होता हे त्यातून कळते. इराकमधील बलावत येथे सापडलेल्या, तिसरा शाल्मनेसर या असिरियन राजाच्या (कारकीर्द इ.स.पू. ८५९–८२४) दारांचे लाकूड कुजून गेले. त्यांच्यावरच्या कोरीव कांस्यपट्ट्या टिकल्या आणि त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पट्ट्या खांबाभोवती गुंडाळलेल्या असल्याने खांब किती जाड होता आणि तो खुंटीवर कसा फिरत असे हे अभ्यासकांना ठरवता आले. रोमच्या पँथियनची कांस्याची प्रचंड दारेही अशीच वरच्या-खालच्या खुंट्यांवर फिरतात. सीरियाच्या हौरान भागात लाकूड दुर्मीळ असल्याने बेसॉल्टची अख्खी दारे घडवत आणि खुंटीसुद्धा त्याच दगडातून काढत.

आपल्याकडचा काळा पाषाणही बेसॉल्टच. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची कवाडे बहुतेक ठिकाणी केव्हाच नाहीशी झाली आहेत, पण दरवाजातून आत शिरताना खाली पाहिले तर उंबऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात गुळगुळीत झालेला गोल खळगा सापडतो आणि मान वर केली की त्याच्या बरोबर वर तसेच दुसरे भोक दिसते. भिंतीत खोल गेलेली चौकोनी खोबण वेगळी, ती अडसराची. खळग्याच्या कडा नीट न्याहाळल्या तर झीज सगळीकडे सारखी नसते. कवाड ज्या दिशेला कलंडू पाही त्या बाजूची कड जास्त घासलेली असते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आजही जागेवर आहे. त्याच्या अणकुचीदार खिळ्यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण हत्तीच्या धडकेत खिळ्यांइतकीच परीक्षा खुंट्यांचीही होते. जुन्या वाड्यांची दुरुस्ती करताना खुंटीचे दार काढून त्याला बाजारातल्या बिजागऱ्या मारण्याची पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. सागवानाच्या जड झडपेची सगळी ओढ मग चार-सहा स्क्रूंवर येते आणि काही वर्षांत चौकट फाटते. खालच्या खुंटीला नवी लोखंडी टोपी घालून खळगा साफ केला आणि तेल सोडले, तर मूळ रचना पुन्हा चालू लागते.

हीच रचना शहरात पुन्हा आली आहे. बँकेचे किंवा दुकानाचे जाड काचेचे दार बिजागरीवर लटकलेले नसते. खाली फरशीत पुरलेली फ्लोअर स्प्रिंग त्याचे वजन घेते आणि वर एक छोटी खुंटी त्याला सरळ धरते.

सुकाणू

सुकाणूचा प्रश्न वेगळा. लाकडी सुकाणूचे बरेचसे वजन पाणीच पेलते, त्यामुळे खाली ओढणारा भार कमी. उलट लाट खालून आदळली किंवा सुकाणूचा तळ वाळूला लागला की ते वर उचलले जाते. आणि सर्वांत मोठा भार आडवा असतो, वळताना पाणी पात्यावर देते तो रेटा. हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर रेटा चौपट. १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वेगाने जाणाऱ्या जहाजाचे सुकाणू पूर्ण वळवले, तर पात्याच्या दर चौरस मीटरवर साधारण तीन टनांचा रेटा येतो. पाते २० चौरस मीटरचे असेल तर खुंट्यांना साठ टनांच्या घरातला आडवा भार सोसावा लागतो.

फाटकाचा नर सहसा खांबावर असतो, तोंड वर करून, आणि फाटकावरची मादी त्यावर अडकवतात. सुकाणूवर हे उलटे. कडी जहाजाच्या मागच्या उभ्या खांबाला पक्की आणि खुंट्या सुकाणूला, तोंड खाली करून. त्यामुळे सुकाणू वरून सोडले की जागेवर बसते आणि गरज पडली तर उचलून काढताही येते. शर्यतीच्या छोट्या शिडाच्या होडीवर हे रोज करावे लागते. होडी पाण्यात हलत असताना दोन्ही खुंट्या एकाच वेळी दोन कड्यांवर आणणे त्रासाचे, म्हणून खालची खुंटी थोडी लांब ठेवलेली असते. ती आधी कड्यात शिरवायची, मग तिच्या आधाराने वरची बसवायची. होडी उलटली तर सुकाणू निसटून जाऊ नये म्हणून कड्याच्या वर एक स्प्रिंगची पट्टी असते. खुंटी खाली गेली की ती बाहेर उसळते आणि दाबल्याशिवाय सुकाणू वर येऊ देत नाही. जुन्या शिडाच्या जहाजांवर हेच काम खुंटीजवळच्या खाचेत ठोकलेला लाकडाचा ठोकळा करी. शिवाय सुकाणूला साखळ्या बांधून त्या जहाजाला अडकवत. खुंट्या तुटल्या तरी सुकाणू हातचे जाऊ नये, हा हेतू.

बिजागरीवरचे सुकाणू तसे फार जुने नाही. प्राचीन भूमध्य समुद्रात आणि उत्तर युरोपात जहाज कडेला बांधलेल्या मोठ्या वल्ह्याने वळवत. मागच्या बाजूचे सुकाणू चीनमध्ये लवकर दिसते. ग्वांगझू येथे सापडलेल्या हान काळातील मातीच्या जहाजप्रतिकृतीवर ते आहे. पण चिनी सुकाणू दोरांवर टांगलेले असे, उथळ पाण्यात ते वर ओढून घेता येई. अरबी समुद्रातही सुकाणू दोरांनी बांधण्याची रीत होती. लोखंडी खुंटी आणि कडे यांची जोडी उत्तर युरोपात बाराव्या शतकात पुढे येते. बेल्जियममधील झेडेलघेम आणि इंग्लंडमधील विंचेस्टर येथील चर्चमधल्या दगडी पात्रांवर त्या शतकातली अशी जहाजे कोरलेली आहेत, आणि आजच्या पोलंडमधील एल्बिंग शहराच्या १२४२ च्या मुद्रेवर मागच्या खांबाला लावलेले सुकाणू स्पष्ट दिसते. तिथल्या कॉग जातीच्या जहाजांचा मागचा खांब सरळ असे. बिजागऱ्यांना एकच सरळ रेषा लागते आणि ती तिथे आयती मिळाली. वाकड्या मागच्या बाजूच्या जहाजाला ही सोय नव्हती. जहाजे उंच आणि रुंद होत गेली तसे कडेचे वल्हे अपुरे पडू लागले, पण बिजागरीवरचे सुकाणू जहाजाबरोबर वाढवता आले. पुढच्या मोठ्या जहाजांवर खुंट्यांच्या पाच-सहा किंवा त्याहून जास्त जोड्या असत.

धातूंचे वैर

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची विद्युतघटासारखी जोडी जमते आणि त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला किडीपासून बचाव म्हणून तांब्याचा पत्रा मारला. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा पत्रा ठीक होता, पण तांब्याला भिडलेले लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. सुकाणूच्या लोखंडी खुंट्या पत्र्याच्या शेजारीच असतात, म्हणजे धोका त्यांनाही तेवढाच. जॉन बायरन १७६४ मध्ये ‘डॉल्फिन’ घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्या जहाजाच्या तळाला तांबे होतेच, शिवाय सुकाणूच्या खुंट्या आणि कडीही लोखंडाची ठेवलेली नव्हती. पुढे तांब्याच्या पत्र्याबरोबर तांब्याच्या मिश्रधातूच्या बिजागऱ्या हाच नियम झाला. आजच्या पोलादी जहाजावर सुकाणूच्या आसपास जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त आधी झिजते आणि पोलाद वाचते. ठोकळे संपत आले की नवे बसवायचे असतात, आणि ते रंगवायचे कधीच नसतात, कारण रंगाखाली ते निकामी होतात.

आजची जहाजे

मोठ्या जहाजाची खुंटी माणसाच्या मांडीपेक्षा जाड असू शकते. तिचा वरचा भाग निमुळता असतो, लांबीच्या दर ८ ते १२ भागांमागे व्यासात एक भाग कमी होईल असा. तो सुकाणूतल्या तशाच निमुळत्या भोकात नट आवळून घट्ट बसवतात. खालच्या सरळ भागावर कांस्य किंवा गंजरोधक पोलादाचा शर्ट, म्हणजे नळीसारखे आवरण, असतो आणि कड्यात बुश, म्हणजे झीज सोसणारी बदलता येणारी नळी. बुशसाठी पूर्वी ग्वायाकम झाडाचे लाकूड वापरत. हे लाकूड पाण्यात बुडते इतके जड असते आणि त्यातल्या राळेमुळे पाण्यातही घसरते राहते. तेल-ग्रीस पोचत नाही अशा जागी याहून चांगले काही मिळत नव्हते. आता ही झाडे संरक्षित आहेत आणि बुश कृत्रिम पदार्थांचे करतात.

अशा बुशमध्ये खुंटीभोवती व्यासात निदान दीड मिलिमीटर मोकळीक ठेवतात, कारण कृत्रिम पदार्थ पाण्यात किंचित फुगतो. जहाज सुक्या गोदीत आले की पहिल्या कामांत ही फट पातळ पट्ट्यांनी चारही बाजूंनी मोजली जाते. एका बाजूला फट जास्त भरली तर बुश झिजले असे समजतात. सगळ्या कड्यांच्या फटी वेगवेगळ्या दिशांना सरकलेल्या असतील तर आसाची रेषाच बिघडली, आणि मग नुसते बुश बदलून भागत नाही.

नियमानुसार पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांवर २८ सेकंदांत आले पाहिजे. हे जमावे म्हणून पात्याचा काही भाग आसाच्या पुढे काढतात. पुढच्या भागावरचा रेटा मागच्या भागावरचा रेटा काही अंशी तोलून धरतो आणि फिरवायला जोर कमी लागतो. १८४३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी जहाजावर असे समतोल सुकाणू होते. पण आसाच्या पुढे पाते आले की खांबावर ओळीने कडी लावायला जागा उरत नाही. म्हणून कित्येक मालवाहू जहाजांवर तळातून उतरलेल्या शिंगासारख्या आधारावर एकच खुंटी असते, आणि काही जहाजांवर खुंटी नसतेच. सुकाणू वरच्या जाड दांड्यावर लोंबते. त्याचे वजन जहाजाच्या आतले बेअरिंग घेते.

जलपाशाचे दार

दार आणि सुकाणू यांचे दोन्ही प्रश्न जलपाशाच्या दारात एकत्र येतात, तिथे वजनही प्रचंड आणि पाण्याचा रेटाही. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या पनामा कालव्याच्या मूळ जलपाशांची दारे जोडीची आहेत. प्रत्येक झडप सुमारे २० मीटर रुंद आणि दोन मीटरहून जाड, उंची जागेप्रमाणे १४ ते २५ मीटर, वजन शेकडो टन. खाली पोलादी खुंटी आणि वर भिंतीत रोवलेले कडे, म्हणजे वाड्याच्या कवाडाचीच रचना. फरक असा की झडपेच्या खालच्या भागात हवाबंद कप्पे ठेवले आहेत. झडप पाण्यात जवळजवळ तरंगते, खुंटीवरचा भार उतरतो आणि एवढे दार लहान मोटरने फिरवता आले. बंद झाल्यावर दोन झडपा वरच्या पाण्याकडे टोक करून एकमेकींना टेकतात. पाण्याचा रेटा त्यांना आणखी घट्ट दाबतो आणि तो भार खुंट्यांवर न येता बाजूच्या भिंतींत जातो. तरंगण्याच्या गुणाचा उपयोग दुरुस्तीतही होतो. खुंटी किंवा कडे बदलायचे असेल तेव्हा झडप जागेवरून सुटी करून पाण्यावर तरंगवतात आणि ओढत सुक्या गोदीत नेतात.